प्रिमितीवोचे गोत्र

इटलीचा नकाशा आठवून काढायला सांगितला की विद्यार्थी सरळ एक बूट काढतात. या बुटाच्या टाचेचा भाग म्हणजे पुल्या प्रांत. खाली चुनखडीचा खडक, त्यावर तांबड्या मातीचा थर, कडक कोरडा उन्हाळा आणि हिवाळ्यात पडणारा पाऊस असे येथील शेतीचे स्वरूप आहे. याच टाचेवर मांदूरिया नावाचे गाव आहे. तेथे पिकणारे काळे द्राक्ष आणि त्यापासून होणारी तांबडी वाइन या दोहोंचे नाव एकच : प्रिमितीवो. आदिम किंवा रानटी असा याचा अर्थ नाही. या नावाचा उगम 'लवकर पिकणारे' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आजूबाजूची काळी द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वेलीवर असतात, तर हे द्राक्ष ऑगस्टच्या अखेरीसच तोडणीला येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोया देल कोल्ले या गावातील इंदेल्लिकाती नावाच्या पाद्र्याने मळ्यातील काही वेलींची फळे इतरांच्या आधी पिकतात हे हेरले, फक्त त्याच वेलींच्या काड्या लावल्या आणि त्यांना हे नाव दिले, असे सांगितले जाते.

वाइनची चव हा आमचा विषय नाही आणि तिची भलामण करण्याचाही हेतू नाही. आम्ही वनस्पतींच्या डीएनएवर काम करतो. त्या दृष्टीने प्रिमितीवोची कथा म्हणजे जनुकशास्त्राचा एक उत्तम धडा आहे. एक साधा प्रश्न १९६७ साली विचारला गेला. त्याचे पुरते उत्तर मिळायला २०११ साल उजाडले. तो प्रश्न असा : इटलीतील प्रिमितीवो आणि हजारो किलोमीटर दूर अमेरिकेत कॅलिफोर्नियात पिकणारे झिनफँडेल ही दोन द्राक्षे आहेत, की एकच?

घडाच्या खोडी

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी या वेलीच्या दोन खोडी पाहू. त्या पुढे ओळख पटवायला उपयोगी पडल्या.

पहिली खोड म्हणजे घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काही मणी हिरवट, काही पक्व आणि काही चक्क बेदाण्यासारखे सुरकुतलेले सापडतात. हिरवे मणी पिकेपर्यंत थांबावे, तर आधी पिकलेल्या मण्यांतील पाणी उडून साखर वाढत जाते. सगळा घड एकत्र चिरडला की रसात साखरेचे प्रमाण खूप भरते. त्याचा परिणाम काय होतो याचे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. किण्वनात ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात, म्हणजे १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल. एका लिटर रसात २५० ग्रॅम साखर असेल, तर सुमारे १२८ ग्रॅम अल्कोहोल व्हायला हवे. अल्कोहोलची घनता ०.७९ धरली, तर हे झाले १६२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १६ टक्के. प्रत्यक्षात थोडी साखर यीस्टच्या स्वतःच्या वाढीत आणि ग्लिसरॉलसारखे इतर पदार्थ तयार होण्यात खर्च होते. म्हणून लिटरमागे १७ ग्रॅम साखरेला एक टक्का अल्कोहोल असा व्यवहारातला हिशेब धरतात. त्या हिशेबाने १४.७ टक्के येतात. प्रिमितीवोच्या बाटलीवर १४ ते १५ हा आकडा सर्रास दिसतो, तो यामुळेच.

दुसरी खोड द्राक्ष बागाईतदारांना चटकन समजेल. मुख्य काडीच्या पानांच्या बेचक्यातून ज्या फुटी निघतात, त्यांना आपले बागाईतदार बगलफूट म्हणतात. बहुतेक जातींत बगलफुटींवर फारसे फळ धरत नाही. प्रिमितीवोच्या बगलफुटींवर मात्र लहान लहान घड चांगले धरतात आणि मुख्य तोडणीनंतर काही आठवड्यांनी पिकतात. पुल्यातील शेतकरी ही दुसरी तोडणीही करतात.

एवढी जोरदार वाइन असूनही मांदूरियाचे नाव फार काळ कोणाच्या कानी नव्हते. उत्तरेकडील आणि परदेशांतील व्यापारी ही वाइन पिंपांनी विकत घेत आणि आपल्या फिक्या वाइनला रंग व जोर आणण्यासाठी तिच्यात मिसळत. १९७४ साली 'प्रिमितीवो दि मांदूरिया' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. आपल्याकडील भौगोलिक मानांकनासारखीच ही व्यवस्था आहे. ठरवून दिलेल्या शिवारातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनलाच हे नाव लावता येते.

जात म्हणजे एकच वेल

'दोन द्राक्षे एकच आहेत का' या प्रश्नाचा नेमका अर्थ आधी समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचे सगळे निसटेल.

द्राक्षाची बी लावली तर वेल येते, पण ती आईसारखी नसते. मण्याचा रंग, आकार, गोडी, पिकण्याची वेळ यांतले काहीही बदललेले असू शकते. द्राक्षवेलीच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील दोन गुणसूत्रांत पुष्कळ फरक असतो. बी तयार होताना या जोड्या फुटतात आणि नव्याने जुळतात. पत्ते पिसून पुन्हा वाटल्यासारखाच हा प्रकार. आधीचाच डाव पुन्हा हाती येणे जवळजवळ अशक्य. म्हणून मनासारखी वेल सापडली की शेतकरी तिची बी लावत नाही, काडी लावतो. काडीतून आलेल्या नव्या वेलीत तीच गुणसूत्रे जशीच्या तशी उतरतात. त्या वेलीची काडी, तिच्या काडीची काडी, असे शेकडो वर्षे चालते.

याचा अर्थ असा की, द्राक्षाच्या एखाद्या जुन्या जातीच्या जगात लाखो वेली असल्या, तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने ती एकच वेल असते. केव्हातरी, कुठेतरी एका बीमधून उगवलेली आणि तेव्हापासून तुकड्यातुकड्यांनी जगभर पसरलेली. भाताची किंवा गव्हाची जात आणि द्राक्षाची जात यांत हा मूलभूत फरक आहे. तेव्हा आपला प्रश्न नेमक्या शब्दांत असा होतो : मांदूरियातील वेल आणि कॅलिफोर्नियातील वेल एकाच बीमधून आलेल्या आहेत का?

काडी प्रवास करते, पण तिच्याबरोबर नाव प्रवास करेलच असे नाही. चिठ्ठी गळून पडते, नवा मालक आपल्या गावाचे किंवा स्वतःचे नाव देतो, कोणी चुकीचेच नाव लावतो. जगातील द्राक्षांच्या जातींची संख्या पाच ते दहा हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज आहे, पण नावांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे.

कॅलिफोर्नियाचा 'आपला' द्राक्ष

झिनफँडेलबद्दल अमेरिकेत विशेष अभिमान. कॅबर्ने, शार्डोने ही फ्रान्सची द्राक्षे; झिनफँडेल मात्र आपली, असे तेथील लोक म्हणत. वास्तविक युरोपातील वाइनच्या द्राक्षांची प्रजाती अमेरिकेत मुळात उगवतच नाही. तेव्हा ती कोणीतरी बाहेरून आणली, एवढे उघड होते.

कोणी आणली? दीर्घकाळ एक उत्तर ठरलेले होते. आगोस्तोन हारास्ती नावाच्या हंगेरियन उमरावाने ती आणली, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले होते आणि पुस्तकामागून पुस्तकांत तेच उतरवले गेले. चार्ल्स सलिव्हन या इतिहासकाराने जुने दस्तऐवज चाळून दाखवून दिले की, हारास्तीने ती आणल्याचे सांगतात, त्याच्या बरीच वर्षे आधी ही वेल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होती. १८२९ साली जॉर्ज गिब्स या लाँग आयलंडवरील रोपवाटिकावाल्याने व्हिएन्नातील शाही संग्रहातून द्राक्षाच्या काड्या मागवल्या होत्या. त्यांत ही असावी. १८३० च्या दशकात बॉस्टनमध्ये झिनफँडेल काचघरात वाढवून खाण्याचे द्राक्ष म्हणून विकले जाई. सोन्याच्या शोधार्थ लोक कॅलिफोर्नियाकडे धावले, त्यानंतर १८५० च्या दशकात ते तिकडे पोहोचले. त्या काळी डाल्मेशियाचा किनारा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. व्हिएन्नाच्या संग्रहात तिकडच्या वेली असणे स्वाभाविकच होते. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

(याच झिनफँडेलपासून १९७५ साली सटर होम या वाइनरीत एक गंमत झाली. फिक्या रसाचे किण्वन मध्येच थांबले आणि गोडसर गुलाबी वाइन शिल्लक राहिली. लोकांनी ती उचलून धरली. मागणी इतकी वाढली की, एरवी उपटून टाकल्या गेल्या असत्या अशा झिनफँडेलच्या जुन्या बागा त्यामुळे वाचल्या. पुढे हे द्राक्ष आपल्या नाशिकपर्यंत आले. सुला वाइनरीने ते तेथे लावले आहे.)

एक वनस्पतिरोगतज्ज्ञ इटलीत जातो

१९६७ साली ऑस्टिन गोहीन हे वनस्पतिरोगतज्ज्ञ इटलीत बारी या शहरी गेले होते. ते अमेरिकेच्या कृषी खात्याचे शास्त्रज्ञ होते आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात काम करीत. स्थानिक तांबडी वाइन चाखल्यावर त्यांना झिनफँडेलची आठवण झाली. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर थांबला असता. गोहीन यांनी ते द्राक्ष कोणते याची चौकशी केली आणि मळ्यात जाऊन वेल पाहिली. पाने, घड, मणी सगळे ओळखीचे. त्यांनी काड्या मागवून डेव्हिसच्या मळ्यात प्रिमितीवो आणि झिनफँडेल शेजारी शेजारी लावले. एकाच मातीत, एकाच हवेत वाढलेल्या त्या वेलींत डोळ्यांना फरक दिसेना.

पण डोळ्यांना फरक न दिसणे हा पुरावा नव्हे. सख्खी भावंडेही पुष्कळदा सारखी दिसतात. १९७० च्या दशकाच्या मध्यास डेव्हिसमधीलच एका संशोधकाने या वेलींतील विकरांची तुलना केली. एकच काम करणाऱ्या विकराची थोडी वेगवेगळी रूपे असतात. त्यांना समविकरे म्हणतात. विद्युतप्रवाहाखाली जेलमधून ती कमीअधिक वेगाने सरकतात आणि पट्ट्यांचा एक नमुना मिळतो. दोन्ही वेलींचे नमुने जुळले. तरीही शंकेला जागा होतीच, कारण समविकरांची रूपे थोडी असतात आणि दोन निराळ्या जातींतही योगायोगाने तोच नमुना मिळू शकतो.

निर्णायक उत्तर डीएनएने दिले. १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात डेव्हिसच्याच कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनएचे ठसे तपासून प्रिमितीवो आणि झिनफँडेल ही एकच जात असल्याचे सिद्ध केले.

डीएनएचा ठसा म्हणजे काय

आज या कामासाठी जी पद्धत सर्वत्र वापरतात ती वर्गात सांगण्याजोगी आहे. डीएनएच्या लांब साखळीत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जसे गाअ गाअ गाअ. हा तुकडा किती वेळा येतो ते प्रत्येक वेलीत वेगळे असू शकते. कोणात बारा वेळा, कोणात पंधरा. वेलीला प्रत्येक गुणसूत्र आईकडून एक आणि बापाकडून एक असे मिळालेले असल्याने एका ठिकाणी दोन आकडे मिळतात. समजा ते आहेत १२ आणि १५. अशा सहा ठिकाणांचे बारा आकडे काढले की त्या वेलीचा ठसा तयार होतो. हे तुकडे अगदी आखूड असल्यामुळे पीसीआर या तंत्राने पानाच्या कणभर नमुन्यातूनही त्यांच्या प्रती वाढवता येतात. द्राक्षाच्या बाबतीत या पद्धतीची सुरुवात १९९३ साली ऑस्ट्रेलियात झाली.

एका ठिकाणचे आकडे योगायोगाने जुळण्याची शक्यता दहात एक धरली, तर सहाही ठिकाणी जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक होते. जगात जाती आहेत दहा हजारांच्या आत. तेव्हा सहाही जागा जुळल्या, तर ती एकच जात म्हणायला हरकत नाही. एक अट मात्र आहे. हे गणित नात्यात नसलेल्या वेलींना लागू पडते. जवळच्या नातेवाइकांत जुळण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून संशय असेल तेथे अधिक जागा तपासतात.

हीच पद्धत नातेही सांगते. बापलेकांच्या ठशांत प्रत्येक ठिकाणी किमान एक आकडा समान असलाच पाहिजे, कारण मुलाला एक गुणसूत्र त्याच्याकडूनच मिळालेले असते. भावंडांत हे बंधन नाही. दोघांना एकाच आईबापांकडून निरनिराळे पत्ते मिळू शकतात आणि एखाद्या ठिकाणी एकही आकडा जुळत नाही. विद्यार्थ्यांना काल्पनिक आकडे देऊन हे करून घ्यावे. क वेल १२-१५, ख वेल १५-१८, ग वेल १८-२०. येथे ख ही क आणि ग यांची संतती असू शकते. फक्त क आणि ख हातात असतील, तर बाप कोणता आणि लेक कोणता हे सांगता येणार नाही. तिसरा हवाच. १९९७ साली मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी याच तर्काने कॅबर्ने सोव्हिन्यों हे जगप्रसिद्ध काळे द्राक्ष कॅबर्ने फ्रांक आणि पांढरे सोव्हिन्यों ब्लां यांची संतती असल्याचे दाखवले, तेव्हा फ्रान्समधील भल्याभल्यांना आश्चर्य वाटले होते.

समुद्रापलीकडे

प्रिमितीवो आणि झिनफँडेल एकच. मग मूळ घर इटली? पुल्यातील बागाईतदारांना हे उत्तर आवडले असते. पण तेथील नोंदी अठराव्या शतकाच्या मागे फारशा जात नव्हत्या आणि इटलीतील इतर जुन्या जातींशी प्रिमितीवोचे नाते लागत नव्हते. भाऊबंद नसलेला माणूस बहुधा बाहेरून आलेला असतो.

पुल्याच्या समोर, एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर क्रोएशियाचा डाल्मेशिया हा भाग आहे. तेथे प्लावात्स माली नावाचे काळे द्राक्ष होते. माइक ग्रगिच हे मूळचे क्रोएशियाचे. पुढे ते कॅलिफोर्नियात नामवंत वाइनतज्ज्ञ झाले. त्यांचे म्हणणे असे की झिनफँडेल म्हणजे आमच्याकडचे प्लावात्स मालीच. १९९८ साली मेरेडिथ क्रोएशियाला गेल्या. झाग्रेब विद्यापीठाचे इव्हान पेयिच आणि एडी मालेतिच यांच्याबरोबर त्यांनी किनाऱ्यावरील आणि बेटांवरील मळ्यांतून प्लावात्स मालीचे सुमारे दीडशे नमुने गोळा केले. ठसे पाहिले. एकही झिनफँडेलशी जुळला नाही.

मात्र प्रत्येक ठिकाणी एक आकडा समान होता. म्हणजे प्लावात्स माली हे झिनफँडेल नव्हे, पण त्याचे मूल तरी आहे किंवा जनक तरी. तिसरी वेल सापडली शोल्टा बेटावरची, डोब्रिचिच नावाची. प्लावात्स मालीचे जे आकडे झिनफँडेलमध्ये नव्हते, ते सगळे डोब्रिचिचमध्ये मिळाले. तेव्हा प्लावात्स माली हे मूल ठरले आणि झिनफँडेल जनक. ग्रगिच यांच्या डोळ्यांनी लेकाला पाहून बापाची आठवण केली होती, असे म्हणता येईल.

जनकाचा मूल होण्यासाठी दोन्ही जनक वेली केव्हातरी एकमेकींजवळ फुलोऱ्यात असायला हव्यात. डोब्रिचिच तर या छोट्या प्रदेशाबाहेर कोठेच नाही. म्हणजे झिनफँडेल डाल्मेशियात होते, हे नक्की. पण अजूनही असेल का?

अशी शंका यायला कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा ही मुळांतील रस शोषणारी कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि तिने तेथील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. उपाय अखेर अमेरिकेतच मिळाला. या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपीय वेलींचे कलम बांधायचे. आपल्याकडे डॉगरीज खुंटावर द्राक्षे बांधतात त्यातलाच हा प्रकार, फक्त आपल्याकडे कारण वेगळे, क्षारट जमीन आणि पाण्याची टंचाई. पण बाग नव्याने लावायची म्हटल्यावर शेतकरी पुन्हा सगळ्याच जुन्या जाती लावत नाही. जी भरवशाची तीच लावतो. डाल्मेशियात ती प्लावात्स माली ठरली. लेकाने बापाचे शेत व्यापले.

पेयिच आणि मालेतिच जुन्या, मिश्र लागवडीच्या बागा धुंडाळत राहिले. स्प्लिट शहराजवळ काश्टेला नावाची गावांची एक रांग आहे. तेथील एका जुन्या बागेत इतर वेलींमध्ये मिसळून काही वेली उभ्या होत्या. त्यांना त्सर्ल्येनाक काश्टेलान्स्की म्हणत, म्हणजे ढोबळमानाने 'काश्टेल्याचे तांबडे'. डिसेंबर २००१ मध्ये ठशाचा निकाल आला. सर्व जागा जुळल्या. ज्या द्राक्षाने कॅलिफोर्निया आणि पुल्यात हजारो हेक्टर व्यापले होते, त्याच्या जुन्या गावी जेमतेम नऊ वेली उरल्या होत्या. मालकाने ती बाग मोडून दुसरे काही लावले असते, तर हा धागा तेथेच तुटला असता. पुढे ओमिश गावाजवळच्या एका परसातही हीच वेल सापडली. तेथे तिचे नाव होते प्रिबिद्राग.

नव्वद वर्षांची पाने

आम्हाला या कथेतील सर्वांत आवडणारा भाग यापुढचा आहे. डाल्मेशियाच्या जुन्या कागदपत्रांत पंधराव्या शतकापासून त्रिबिद्राग नावाच्या एका नावाजलेल्या द्राक्षाचा उल्लेख येतो. प्रिबिद्राग आणि त्रिबिद्राग या नावांतील साम्य उघड आहे. पण नावांतील साम्याने वेल सिद्ध होत नाही. हारास्तीच्या गोष्टीने एवढे तर शिकवलेच होते. त्रिबिद्राग या नावाची जिवंत वेल तर उरली नव्हती.

स्प्लिटच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात मात्र वनस्पतींच्या वाळवून चिकटवलेल्या नमुन्यांत त्रिबिद्राग अशी चिठ्ठी असलेली द्राक्षाची पाने होती. साधारण नव्वद वर्षांपूर्वी कोणीतरी ती तोडून, दाबून, नाव लिहून ठेवली होती. इतक्या जुन्या पानातील डीएनए तुटून तुकडे तुकडे झालेला असतो. पण आपल्याला हवे असलेले तुकडे शे-दोनशे अक्षरांचेच असतात, आणि तेवढे शाबूत राहू शकतात. २०११ साली क्रोएशियन शास्त्रज्ञांनी या पानांतून ठसा मिळवला. तो झिनफँडेलचाच निघाला. त्यामुळे पाचशेहून अधिक वर्षांच्या लेखी नोंदी एकदम या वेलीच्या खात्यात जमा झाल्या. नामकरणाचा सर्वांत जुना मान त्रिबिद्रागकडे गेला आणि आज शास्त्रीय ग्रंथांत या जातीचे मुख्य नाव म्हणून तेच देतात. त्रिबिद्राग हा शब्दही 'लवकर पिकणारे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तर समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या लोकांनी त्या वेलीची एकच खोड हेरली होती.

शाळेत विद्यार्थ्यांकडून वाळवलेल्या पानांची वही करून घेणारे शिक्षक अजून असतील. पानाखाली स्थानिक नाव, गाव आणि तारीख लिहायला लावणे किती मोलाचे असते, ते यावरून दिसावे.

ठसा काय सांगत नाही

ठसा जुळला म्हणजे वेल एकच, हे पक्के. तिचा जन्म कोठे झाला हे मात्र ठसा सांगत नाही. डाल्मेशिया आणि लगतच्या मॉन्टेनिग्रोत या वेलीची बरीच संतती आहे, प्लावात्स माली, प्लाविना, व्रानात्स वगैरे, आणि लेखी नोंदीही तेथेच सर्वांत जुन्या आहेत. म्हणून तेच तिचे घर मानतात. पण पुष्कळ संतती असणे म्हणजे त्या गावी दीर्घकाळ राहणे. जन्मही तेथलाच असे त्यातून आपोआप निघत नाही. प्लाविनाचा दुसरा जनक तर वर्देका, पुल्याचे पांढरे द्राक्ष. एड्रियाटिक हा त्या लोकांना अडथळा नव्हता, रस्ता होता, आणि काड्या दोन्ही दिशांनी गेल्या असणार.

दुसरी गोष्ट, काडीतून काडी करताना नक्कल शंभर टक्के अचूक नसते. पेशीविभाजनात अधूनमधून चुका होतात. एखाद्या फांदीच्या डोळ्यात उत्परिवर्तन होते आणि त्या डोळ्यापासून केलेल्या वेली थोड्या वेगळ्या निघतात. आपल्याकडे थॉम्पसन सीडलेसच्या बागांतूनच बागाईतदारांनी तास-ए-गणेश आणि सोनाका निवडले, ते असेच. कॅलिफोर्नियात शेजारी लावून पाहिले असता प्रिमितीवोचे घड झिनफँडेलपेक्षा थोडे मोकळे असतात आणि त्यामुळे कमी सडतात, असे आढळले आहे. सहा जागांच्या ठशात हा फरक दिसत नाही. २०१९ साली झिनफँडेलच्या पंधरा निवडींचा संपूर्ण डीएनए वाचून तुलना प्रसिद्ध झाली. त्यात फरक सापडले, पण बहुतेक जनुकांच्या मधल्या मोकळ्या भागांत. घड मोकळा कशामुळे होतो, हे त्यांतून निवडून काढणे हे पुढचे काम.

आणि कायदा? युरोपीय संघाने १९९९ साली दोन्ही नावे समानार्थी मानली. लगेच पुल्यातील काही उत्पादक आपल्या बाटल्यांवर झिनफँडेल लिहून त्या अमेरिकेत पाठवू लागले, कारण तेथे ते नाव खपते. कॅलिफोर्नियातील बागाईतदारांना हे रुचले नाही. आपण शंभर-दीडशे वर्षे घडवलेले नाव दुसऱ्याने वापरावे, हे कोणाला रुचेल? २००२ साली अमेरिकेच्या संबंधित खात्याने दोन्ही नावे समानार्थी ठरवण्याचा प्रस्ताव मांडला, पण तो अमलात आला नाही. तेथील मान्यताप्राप्त द्राक्षांच्या यादीत प्रिमितीवो आणि झिनफँडेल अजूनही दोन वेगळ्या जाती आहेत. काश्टेल्यात मात्र त्सर्ल्येनाकच्या त्या जुन्या वेलींच्या काड्यांपासून पुन्हा नव्या बागा लागल्या असून, त्यांच्या वाइनच्या काही बाटल्यांवर त्रिबिद्राग हे नाव छापलेले असते.